बिनचिठ्ठीच्या बाटल्या

हुक्केरी मालकांनी आमच्या घरी बसून पाच बन खाल्ले, सहावा रुमालात बांधून नेला आणि पप्पांना कारखान्यात दोन वर्षांची मुदतवाढ दिली.

असं काहीही घडलेलं नाही. कारखान्यात विचारा, मालकांच्या घरी विचारा, आमच्या घरी विचारा. त्या रविवारी मालक मिरजेतच नव्हते, असं सगळे सांगतील. मीही तेच सांगतो. तर, जे घडलं नाही ते असं:

"तन्या, हे हुंग."

सकाळचे दहा वाजले होते. पप्पांनी माझ्या नाकाखाली वाटी धरली होती. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं.

"दालचिनी," मी म्हणालो.

"ते मलाही दिसतंय. कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे काय? बरी तब्येत असते. दालचिनी कशी आहे?"

मी पुन्हा हुंगलं. "आधी गोड. मग लाकूड. शेवटी शाळेच्या बाकात पेन्सिलचं टोक खुपसलं की यायचा ना, तसा."

"म्हणजे साल जाड आहे. जायफळ वाढवावं लागेल," पप्पा म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पप्पा, म्हणजे श्रीकांत कवठेकर, एकतीस वर्षं मसाल्याच्या कारखान्यात नाक होते. पगारपत्रकावर 'गुणवत्ता निरीक्षक' असं छापलेलं असायचं, पण हमालापासून मालकापर्यंत सगळे 'नाक' म्हणायचे. पोतं उघडलं की पप्पा वाकायचे, एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे: धणे किती महिने पडलेत, गोदामात गळती आहे का, शेजारच्या पोत्यात काय होतं. चिठ्ठी वाचून मसाला ओळखणाऱ्या माणसाला ते कारकून म्हणायचे. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. आई बाटल्या जागेवरून ओळखायची, पप्पा वासावरून आणि मी दोघांना विचारून.

मग तो ताप आला. सगळ्यांना आला तसा पप्पांना आला, सगळ्यांचा गेला तसा गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. लोकांचा वास महिन्याभरात परत आला. पप्पांचा आला नाही. हे मला कळलं तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि शेजारी गॅस सुरू होता, न पेटवलेला. मी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. पप्पा म्हणाले, "काय रे, उकडतंय का?"

आईला त्यांनी सांगितलं नाही. कारखान्यात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. पानात पडेल ते पप्पा वाखाणून खायला लागले. आईला वाटलं, ताप माणसाला सुधारतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पप्पांच्या शर्टाच्या खिशातून पुड्या निघायच्या. मी गच्चीवर बसून त्या हुंगायचो आणि जमेल तसं सांगायचो. दुसऱ्या दिवशी पप्पा पोत्यावर वाकायचे, एक श्वास घ्यायचे आणि मी सांगितलेलं आपल्या भाषेत सांगायचे. दीड वर्षात मी खवट खोबरं हुंगलं, बुरशीची मिरची हुंगली, घामाचं जिरं हुंगलं. उंदराने मुतलेले धणे आणि घुशीने मुतलेले धणे यांतला फरक मला कळायला लागला. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ही पात्रता मी आजवर कुठल्याही मुलाखतीत सांगितलेली नाही.

आणि आता मालकांच्या डोक्यात बन मसाला आला होता. बेकऱ्यांना विकायला. त्यांनी पप्पांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "कवठेकर, मसाला तुम्ही बसवा. घरीच बन करा, रविवारी पाचला मी खायला येतो. जमलं तर दोन वर्षं वाढवून देतो. न्हाई जमलं तर मार्चमध्ये नारळ देतो, आणि विरू म्हणतोय ते वास घ्यायचं मशीन आणून बसवतो."

विरू म्हणजे विरूपाक्ष, त्यांचा मुलगा.

"मार्चमध्ये घरी बसलो तर बसलो," पप्पा मला म्हणाले. "पण का बसलो ते त्यांना कळता कामा नये. एकतीस वर्षं जे सांगितलं ते सगळंच खोटं ठरेल."

बन करण्यात मात्र पप्पांचा हात चांगला होता. आधीचे तीन रविवार आम्ही तेच करत होतो. कोमट दुधात यीस्ट, मग मैदा, मग लोणी, आणि पप्पा ओट्यावर ते पीठ अर्धा-अर्धा तास मळायचे. लाटून त्यावर लोणी, साखर आणि मसाला पसरायचा, वळकटी करायची आणि सुरीने नाही तर दोऱ्याने कापायची, म्हणजे कडा चेपत नाहीत. गेल्या रविवारचे इतके मऊ झाले होते की उचलताना बोटांचे ठसे उमटत होते. वेलदोड्याच्या वासाने वरच्या मजल्यावरचे पाध्येकाका न बोलावता आले आणि चार खाऊन गेले. पप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

दुपारी तीन वाजता पीठ पातेल्याच्या काठाशी आलं. पप्पांनी फडकं काढून बोटाने दाबलं. खळगा हळूहळू भरून आला.

"हे बघ, हुबेहूब पाध्यांचं पोट," पप्पा म्हणाले. मग फ्रिज उघडून बघितला. "लोणी कमी पडतंय. जा, पळ. मसाला तू आल्यावर घालू, वेलदोडेही तूच कूट."

"मी येईपर्यंत एकही बाटली उघडायची नाही."

"बाप कोण आहे?"

"नाक कोण आहे?"

"जा बाबा."

कोपऱ्यावर जेसीबीने गटार उकरायला घेतलं होतं. तीस-चाळीस माणसं बघत उभी होती. मी फक्त दोन मिनिटं थांबलो. अशी दोन-दोन मिनिटं करत दीड तास झाला. फोन घरी चार्जिंगला होता. याबाबत माझ्याकडे अधिक माहिती नाही.

घराचं दार उघडलं आणि मला वाटलं, गटार माझ्या अंगाला लागून आलंय. मी चपला बाहेर काढल्या. पाय धुतले. शर्ट ओढून हुंगला. शर्ट स्वच्छ होता. वास घरातून येत होता.

तो नीट सांगतो, कारण तेच माझं काम होतं. आधी भाजलेलं तूप आणि साखर, तिथवर ठीक. त्यामागे लवंग, पण मसाल्यातली नाही, किडलेल्या दाढेत कापसाच्या बोळ्यावर ठेवतात ती. मग पेपरमिंट. मग ओली वीट. आणि सगळ्याच्या तळाशी, पहाटे न्हाणीघरात खाकरणाऱ्या माणसाच्या तोंडाचा वास.

बन फुगायला ठेवायला जागा हवी म्हणून पप्पांनी फळीवरच्या सगळ्या बाटल्या आधीच ओट्यावर उतरवल्या होत्या. आईची जागा मोडली होती. वेलदोडे वाटीत तसेच पडले होते, न सोललेले. शेजारी कॉफीच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, म्हणजे कॉफी संपल्यावर दुसरं काही भरलेल्या. एकीत दालचिनीची पूड काठोकाठ होती. दुसरी निम्मी झाली होती. त्या दुसरीत आईच्या माहेरचं लाल दंतमंजन असायचं. लवंग, तुरटी, मीठ, गेरू, पेपरमिंट, बाभळीची साल. मामा दर दिवाळीला किलोभर पाठवायचा आणि न्हाणीघरात ओल धरते म्हणून आई ते वरच्या फळीवर ठेवायची.

"तू येईनास," पप्पा म्हणाले. "मग लोण्याच्या जागी तूप लावलं आणि घातला मसाला. तन्या, ऐक." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "एक खाल्ला मी."

"आणि?"

"येतंय रे."

"काय येतंय?"

"काहीतरी येतंय. इथे." त्यांनी नाकाच्या मुळाशी बोट टेकवलं. "आधी गार लागलं. मग झणझणलं. हिरड्या ओढल्यासारख्या झाल्या. पूर्ण वास नाही अजून, पण दाराशी आलाय. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुला कसा वाटतोय?"

माझ्या हातात ती बाटली होती. पप्पांचे डोळे भरलेले होते. मी बाटली पिठाच्या डब्यामागे सरकवली.

"छान," मी म्हणालो.

दीड वर्षात मी दिलेला हा पहिला खोटा रिपोर्ट होता, असं मला तेव्हा वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मालक होते, पांढऱ्या सफारीत, आणि मागे विरू. मालक थेट आत आले. विरू उंबऱ्यावर थांबला, त्याने एक पाय उचलून चपलेचा तळ बघितला, मग दुसरा पाय उचलला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"कवठेकर, जेवलो न्हाई दुपारी," मालक खुर्चीत बसत म्हणाले. "येऊ द्या."

पप्पांनी ताटली पुढे केली. बन दिसायला देखणे होते, हे मान्य करायला हवं. वर तकाकी, आत लालसर वेटोळं. मालकांनी निम्मा एका घासात तोडला. चावला. थांबले.

इथे संपलं, असं मला वाटलं. पप्पांनी पंचा हातात घट्ट धरला होता.

"वा," मालक म्हणाले. "वा की ओ, कवठेकर! वेलदोडा काय उतरलाय!"

वेलदोडे वाटीत होते.

"आवडला?" पप्पांनी विचारलं.

"आवडला म्हणजे? गार लागलं बघा एकदम. पार हितपर्यंत गेलं!" आणि मालकांनी नाकाच्या मुळाशी बोट टेकवलं, नेमकं पप्पांनी टेकवलं होतं तिथे. "किती दिवसांत असलं काय खाल्लं न्हाई मी. विरू, खा. बघत काय बसलायस?"

विरूने बन उचलला, जिवंत असल्यासारखा दोन बोटांत धरला आणि चावला. त्याचा जबडा मध्येच थांबला.

"तन्या, तूही घे की," पप्पा म्हणाले. "लाजतोस काय?"

मी घेतला. पहिल्याच घासाला तुरटीने जीभ सुरकुतली. मग साखर आणि मीठ एकमेकांवर धावून गेले. गेरू दातांत करकरला. मैदा मऊ, अत्यंत मऊ, आणि तो मऊपणाच जास्त घाण वाटत होता. कुणाची तरी कवळी भिजवलेला बोळा चघळतोय असं वाटत होतं. समोर विरू चावत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. गिळायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच डोळे मिटले.

"काय विरू?" मालक तिसरा बन घेत म्हणाले. "तुझ्या मशीनला कळेल काय हे?"

विरूने वडिलांकडे बघितलं. मालक लहान पोरासारखे बोटं चाटत होते. ओठांना लाल लागलं होतं.

"न्हाई कळणार पप्पा," विरू म्हणाला. "छान आहेत."

"अजून एक घे मग."

"घेतो."

इतका शूर माणूस मी पुन्हा बघितला नाही.

दुसरा संपल्यावर विरू म्हणाला, "तन्मय, गाडी कुठं लावलीय बघू जरा, रस्त्यात येत नाही ना." आम्ही खाली गेलो. गाडीकडे न जाता तो सरळ जास्वंदीमागे गेला आणि थुंकला. बराच वेळ थुंकला.

"काय घातलंय रे त्यात?"

"दंतमंजन."

"लाल?"

"घरगुती."

"तरीच. गेरू वाटला मला." त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुझ्या वडिलांना वास येत नाही ना?"

मी जास्वंदीचं एक पान खुडलं.

"आमच्यांना पण नाही," विरू म्हणाला. "त्या तापात गेला. कुणाला सांगू देत नाहीत."

"पण मालक रोज नमुन्यांवर सही करतात!"

"नमुने घरी आणतात, पुडीतून. मी हुंगतो."

"मीही," मी म्हणालो. "गच्चीवर."

"मी गॅरेजमध्ये. मशीन आणा म्हणून मागं लागलो होतो ते म्हणूनच. सुटलो असतो."

"मग आण की."

"आता? बघितलंस ना ते कसे खातायत?"

वरून मालकांचं हसणं ऐकू आलं. आम्ही दोघं त्या बाजूला बघत उभे राहिलो. मग विरूने हळूच विचारलं, "गेल्या फेब्रुवारीतले धणे तू हुंगले होतेस ना?"

"परीक्षा होती माझी. पुडी उघडलीच नाही. ठीक आहेत म्हणालो. म्हटलं, वर मालक आहेतच."

"मी लग्नाला गेलो होतो बेळगावला. फोनवरच ठीक म्हणालो. म्हटलं, खाली कवठेकर आहेतच."

फेब्रुवारीतले धणे सात तालुक्यांत गेले होते. तो लग्नसराईचा महिना होता. हजारो पंगतींत ते वाढले गेले होते आणि एकाही जिवंत नाकाखालून गेलेले नव्हते. त्यात काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं, पण काय काय असू शकतं याची मिरजेत सगळ्यात जास्त माहिती आम्हा दोघांनाच होती.

मग मी ओकलो. बनमुळे की धण्यांमुळे, हे तपासायला तिथे कुणी निरीक्षक नव्हता.

"हे घडलं नाही," विरू म्हणाला.

"नाही घडलं."

वर गेलो तेव्हा मुदतवाढ देऊन झाली होती. पप्पांच्या खांद्यावर मालकांचा हात होता. मालकांनी सहावा बन रुमालात बांधला आणि जाताना म्हणाले, "कवठेकर, नाक म्हणजे नाक! मशीनचं काय काम न्हाई."

आई मावशीकडून साडेसहाला आली. मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. पदरात ओटीचे तांदूळ, डोक्यात गजरा.

"काय जाळलंत?" ती दारातूनच म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली. "आणि या बाटल्या कुणी उतरवल्या? माझं दंतमंजन कुठंय?" डब्यामागून तिने बाटली काढली. "निम्मं संपलं? अहो, हे कुणी खाल्लं की काय!"

पप्पा शेवटचा बन ताटलीत घेऊन बसले होते. त्यांनी बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पिठाच्या डब्याकडे बघितलं, आणि तेवढं पुरलं.

"दालचिनी समजून घातलं," पप्पा म्हणाले.

"समजून? तुम्ही? वास नाही आला?"

"नाही."

"म्हणजे काय नाही?"

"येतच नाही गं. दोन वर्षं झाली."

आई गजऱ्यासकट खुर्चीवर बसली. पदरातले तांदूळ तिने मांडीवर सावरले. मग म्हणाली, "श्रावणातली ती आंबलेली आमटी तुम्ही दोनदा मागून घेतलीत."

"पातळ होती," पप्पा म्हणाले. "मला पातळ आवडते."

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सिलिंडर बंद असल्याची खात्री करून आली. मग देवघराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिने दिवा लावला नाही, नुसतीच उभी राहिली.

"तन्या," पप्पा म्हणाले. "इकडे बस. आता खरा रिपोर्ट दे."

"पप्पा, जाऊ दे."

"दे रे."

मी समोर बसलो. पप्पांनी बनचा तुकडा तोडून तोंडात घातला. "हं. आधी काय?"

"आधी तूप. मग दाढेतला कापूस."

ते चावत राहिले. "मग?"

"मग ओली वीट. मग कुणाच्या तरी तोंडाचा वास. शिळ्या तोंडाचा."

"हळू सांग. तोंडाचा म्हणजे जिभेवर कळतं की घशात?"

"घशात. मागून वर येतं. तिथे पोट आवळतं."

पप्पांनी दुसरा तुकडा घेतला. डोळे मिटले. पोतं उघडल्यावर घ्यायचे तसा एक लांब श्वास घेतला आणि वाट बघितली. मीही वाट बघितली. माझ्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं ते.

"नाही," पप्पा म्हणाले. "गार लागतंय, बाकी काही नाही." त्यांनी उरलेला बन उलटसुलट करून बघितला. "मऊ मात्र झालेत."

आणि त्यांनी तो संपवला. ताटलीतला लाल चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला. मला त्या बनची शिसारी आली, धण्यांची आली, माझ्या त्या 'छान'ची आली. इतकी आली की मी उठून आणखी एकदा मोरीशी गेलो. मागून पप्पा बघत होते. हे सांगायला विचित्र वाटतं, पण ते हेव्याने बघत होते.

त्याला आता चार वर्षं झाली. बन मसाला वहीतल्या कृतीने निघाला आणि बरा खपला; मालक मात्र कायम म्हणायचे की घरच्या बनची मजा नाही. पप्पा मुदतवाढ संपवून शाल घेऊन निवृत्त झाले. त्या दोन वर्षांत विरूने आणि मी एकही पुडी न हुंगता सोडली नाही. नाकाच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं की आता आशा धरू नका. पप्पा म्हणाले, बरं. त्यावर मी एक अर्ज लिहिला आहे. तो कुठल्या खिडकीवर द्यायचा ते अजून कळलेलं नाही, म्हणून इथेच देतो.

प्रति, ज्यांच्याकडे हे खाते असेल ते अधिकारी, यांस. अर्जदाराचे वडील श्री. श्रीकांत कवठेकर, वय त्रेसष्ट, यांनी उपरोक्त रविवारी दंतमंजनाचे बन खाल्ले असून त्यांना त्याचा कोणताही त्रास झालेला नाही. सुगंध परत मिळावा अशी अर्जदाराची मागणी नाही. तो विषय आपल्या अधिकाराबाहेरचा असू शकतो, याची त्यास जाणीव आहे. तरी श्री. कवठेकर यांना वर्षातून एकदा, आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, किमान पाच मिनिटे, व्यवस्थित किळस येऊ देण्यात यावी, ही नम्र विनंती.